निःसीम, बेहद्द, अपार

‘निःसीम’ म्हणजे ज्याला सीमा नाही असा. पण मराठीत हा शब्द जमिनीला क्वचितच लागतो. तो लागतो मनाला. निःसीम भक्ती, निःसीम प्रेम.

मूळ ‘सीमा’ मात्र मातीतली. गावाची ‘शीव’ तिच्यातूनच आली आणि मुंबईतलं शीवही: जुनं मुंबई बेट संपून साष्टी सुरू व्हायची, ती जागा.

‘बेहद्द’मधला ‘बे’ फारसी, ‘हद्द’ अरबी; जोडी बहुधा ‘खूश’शी. सर्वांत देखणा शब्द ‘अपार’. ‘पार’ म्हणजे पैलतीर, तोच जिथे नाही ते अपार.

देशांच्या सीमा न मानणाऱ्या कामाला मात्र यांतला एकही शब्द शोभत नाही. तिथे ‘सीमारहित’ लागतो. १९७१मध्ये फ्रान्समध्ये स्थापन झालेल्या, १९९९चं शांततेचं नोबेल मिळवणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेच्या नावाचा अर्थच ‘सीमारहित डॉक्टर’.