काट्याची लढत
(जिवाचा खेळ : लेखांक ६)

१२ नोव्हेंबर १९९३. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात यूएफसी या पिंजऱ्यातल्या लढतींच्या संस्थेची पहिली स्पर्धा आणि तिची पहिलीच लढत. एका कोपऱ्यात सुमो खेळून आलेला टेला टुली, वजन दीडशे किलोच्या कितीतरी वर. दुसऱ्या कोपऱ्यात हॉलंडचा जेरार्ड गॉर्डो, शंभराच्या आत. टुली अंगावर धावून गेला, तोल जाऊन जाळीला टेकून बसला आणि गॉर्डोने त्याच्या तोंडावर लाथ घातली. दात उडून प्रेक्षकांत गेला. लढत अर्ध्या मिनिटाच्या आत संपली.

तेव्हा या खेळात वजनगट नव्हते. आपल्याकडच्या मैदानी कुस्तीतही काटा नसतो म्हणा, पण तिथे नजर असते. दोन पोरांना शेजारी उभं करायचं, दंडावरून हात फिरवायचा आणि ‘लागली जोड’ म्हणायचं, हे काम जुनाजाणता वस्ताद करतो आणि बहुतेक वेळा तो चुकत नाही. डेन्व्हरमध्ये काटाही नव्हता आणि वस्तादही. उलट हत्तीसमोर चित्ता सोडला तर काय होईल, हीच तर तिकिटाची किंमत होती.

पुढे ओरड झाली, राज्याराज्यांनी बंदी घातली आणि खेळ सुधारायला लागला. फेब्रुवारी १९९७मध्ये यूएफसीने पहिल्यांदा वजनाप्रमाणे दोन गट पाडले. २००१च्या न्यू जर्सीच्या नियमांनी सविस्तर गट आखून दिले. ते नियम आपण मागच्या आठवड्यात पाहिले. माणसं मरू नयेत, निदान बरोबरीच्या माणसाशी भिडावीत, म्हणून हा काटा आला. त्याच काट्यापायी माणसं कशी मेली, हा आजचा विषय आहे.

पण आधी पिंजऱ्यातले मृत्यू, कारण वाचकाच्या मनात पहिला प्रश्न तोच असणार.

अमेरिकेत सरकारी परवान्याने झालेल्या एमएमए (मिश्र मार्शल आर्ट्स) लढतीतला पहिला मृत्यू सॅम वास्केझचा. वय ३५. २० ऑक्टोबर २००७ला ह्यूस्टनमध्ये तिसऱ्या फेरीत तो कोसळला. रक्ताची गुठळी काढायला शस्त्रक्रिया झाली, नंतर पक्षाघाताचा झटका आला आणि ३० नोव्हेंबरला तो गेला. त्याआधी १९९८मध्ये डग्लस डेज हा अमेरिकन कीव्हमधल्या एका लढतीनंतर दगावला होता, पण तिथे परवाना-बिरवाना काही नव्हतं. एप्रिल २०१६मध्ये डब्लिनला पोर्तुगालचा जुआंव कार्व्हालो, वय २८. तिसऱ्या फेरीत पंचाने लढत थांबवली. तो पिंजऱ्यातून बाहेर आला. वीसेक मिनिटांनी त्याला बरं वाटेनासं झालं, इस्पितळात मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि दोन दिवसांनी तो वारला. आयर्लंडमध्ये तेव्हा या खेळाला सरकारमान्य नियामक संस्थाच नव्हती.

ती वीस मिनिटं नीट समजून घ्यायला हवीत. खरवसाचा डबा डोळ्यांसमोर आणा. डबा हिसडला की डबा थांबतो, पण आतला खरवस क्षणभर पुढे जातो आणि मग मागे येतो. कवटीत मेंदूचं तसंच होतं. मेंदूच्या पृष्ठभागावरून वरच्या आवरणाकडे बारीक शिरा पुलासारख्या गेलेल्या असतात. हिसक्याने त्या ताणतात आणि एखादी तुटते. शिरेतलं रक्त धमनीसारखं उसळत नाही, पाझरतं. म्हणून माणूस उठतो, हात वर करतो, प्रतिस्पर्ध्याला मिठी मारतो, कपडे बदलायच्या खोलीत बसून हातांच्या पट्ट्या सोडतो आणि मग म्हणतो, ‘डोकं ठणकतंय.’ कवटी काही फुगत नाही, त्यामुळे साचणारं रक्त मेंदूलाच दाबायला लागतं. इथून पुढे मामला तासांचा, कधी मिनिटांचा असतो. दाराशी रुग्णवाहिका आहे का आणि मेंदूची शस्त्रक्रिया करणारं इस्पितळ किती लांब आहे, यावर सगळं ठरतं. जुलै २०२२मध्ये बंगळूरूच्या एका किकबॉक्सिंग स्पर्धेत म्हैसूरचा एक तरुण ठोसा लागून पडला आणि गेला. जागेवर वैद्यकीय सोय नव्हती, अशी तक्रार घरच्यांनी केली होती. अमेरिकेतल्यासारखे राज्याराज्यांचे लढत-आयोग आपल्याकडे नाहीत. हॉल भाड्याने मिळाला की स्पर्धा उभी राहते.

बॉक्सिंगशी तुलना नेहमी होते, आणि ती एमएमएच्या विरोधात जाते असं नाही. कॅनडात एडमंटनच्या डॉक्टरांनी दहा वर्षांच्या लढतींनंतरच्या तपासण्या एकत्र केल्या. एमएमएवाल्यांपैकी ५९.४ टक्क्यांना काही ना काही इजा झालेली होती, बॉक्सरांपैकी ४९.८ टक्क्यांना. पण शुद्ध हरपण्याचं प्रमाण बॉक्सरांत ७.१ टक्के आणि एमएमएत ४.२ टक्के होतं. म्हणजे एमएमएत रक्त जास्त दिसतं, पण मेंदूचा हिशेब वेगळा निघतो. इथे हार मानायला हाताने दोन थापा मारल्या तरी पुरतं आणि त्याला कुणी भित्रा म्हणत नाही. पडलेल्याला दहा आकडे मोजेपर्यंत उठायची मुभा देऊन पुन्हा लढवण्याची बॉक्सिंगमधली प्रथा इथे नाही, हे तर मला या खेळाचं मोठंच शहाणपण वाटतं.

मात्र पडल्यापासून पंच मध्ये येईपर्यंतचा वेळ मोकळा राहतो. टोरोंटोच्या संशोधकांनी २००६ ते २०१२मधल्या यूएफसीच्या ८४४ लढती तपासल्या. शुद्ध हरपवणारा ठोसा बसल्यापासून लढत थांबेपर्यंत सरासरी साडेतीन सेकंद जात होते आणि तेवढ्यात डोक्यावर सरासरी २.६ ठोसे आणखी पडत होते. वाचता वाचता थांबून साडेतीन सेकंद मोजून बघा. फार मोठे असतात. या अशा ठोशांचा दहा-वीस वर्षांनी निघणारा हिशेब वेगळा आहे, त्याबद्दल पुढच्या आठवड्यात.

आता काट्याकडे येऊ.

२६ सप्टेंबर २०१३, रिओ दि जानेरो. लिआंद्रो सूझा, वय २६, शूटो ब्राझीलच्या स्पर्धेत दुसऱ्या दिवशी खेळणार होता. वजन करायच्या दिवशीच तो कोसळला आणि गेला. लढत त्याने ऐन वेळी पत्करली होती आणि आठवड्याभरात पंधरा किलोच्या आसपास उतरवायचे होते, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. दोन वर्षांनी, डिसेंबर २०१५मध्ये, मनिलात तसंच घडलं. चीनचा यांग जियान बिंग, वय २१, वन चॅम्पियनशिपच्या लढतीआधी वजन उतरवताना कोसळला आणि ११ तारखेला वारला. दोघांनाही त्या स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याचा एक ठोसासुद्धा लागला नव्हता.

हे वजन उतरवणं म्हणजे चरबी घटवणं नव्हे. ती महिनाभर आधी, जमेल तेवढी घटलेली असते. शेवटच्या आठवड्यात उतरतं ते पाणी. एरवी ८५ किलोवर वावरणारा माणूस ७७ किलोच्या गटात खेळतो. काट्यावर तो घटकाभर ७७ किलोचा असतो, आणि पिंजऱ्यात येईपर्यंत परत ८४-८५. सगळी मेख या मधल्या अवधीत आहे. वजन आदल्या दिवशी होतं, लढत दुसऱ्या रात्री. त्यामुळे सुकून काट्यावर चढायचं, वजन ‘मेक’ झालं, म्हणजे गटात बसलं, की पीत सुटायचं आणि आपल्यापेक्षा खरोखर लहान असलेल्या माणसाशी लढायचं, असा हा व्यवहार आहे. अर्थात समोरचाही तेच करून आलेला असतो, त्यामुळे फायदा कुणालाच फारसा उरत नाही. सुकणं मात्र दोघांच्याही वाट्याला येतं.

पद्धत अशी. सुरुवातीला भात-पोळी, मीठ बंद. स्नायूंत साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी अडकलेलं असतं. साखर संपली की तेही सुटतं. त्याच दिवसांत पाणी मात्र रोज सहा-सात लिटर प्यायचं. शरीराला वाटतं, पाण्याला तोटा नाही, आणि पाणी धरून ठेवणारं संप्रेरक खाली येतं. मग एकाएकी पाणी बंद. मूत्रपिंडांना ही बातमी उशिरा कळते, ती आपली पाणी टाकतच राहतात. शेवटच्या रात्री हॉटेलच्या बाथरूममध्ये टब भरायचा, सोसवेल तितका कढत, त्यात किलोकिलोने एप्सम मीठ. नाकापर्यंत बुडून दहा मिनिटं. बाहेर काढून टॉवेलांत गुंडाळायचं, वर चादरी, आणि दोघांनी धरून ठेवायचं, कारण हा आता सुटायला बघतो. घाम टिपायचा, काट्यावर उभं करायचं, परत टबात. शेवटच्या दोन-तीनशे ग्रॅमसाठी आंबट गोळ्या चघळून बाटलीत थुंकत बसायचं. उत्तेजकविरोधी नियमांत बंदी असली तरी लघवीच्या गोळ्याही काही जण घेतात.

आत काय होतं? घाम सगळा रक्ताच्याच जिवावर निघतो. रक्त घटतं आणि दाट होतं, हृदय धडधडून भरपाई करतं. त्वचेकडे रक्त पोचेना की घाम थांबतो, आणि घाम थांबला की अंगातली उष्णता बाहेर पडायची वाटच बंद. पोटॅशियमचं गणित बिघडतं, हृदयाची लय चुकते. त्या टबात बसलेल्या माणसाला भान सुटत चाललंय हे त्याचं त्याला कळत नाही, आणि धरून बसलेल्या दोघांना ते ‘रडगाणं’ वाटतं. ते दोघं त्याचे मित्रच असतात.

मोठी नावंही यातून सुटलेली नाहीत. ऑगस्ट २०१४मध्ये ब्राझीलचा रेनान बाराव वजन उतरवताना चक्कर येऊन पडला, डोकं आपटलं आणि लढत रद्द झाली. मार्च २०१७मध्ये खबीब नुरमागोमेदोव्हला लढतीच्या आदल्या दिवशी इस्पितळात न्यावं लागलं. मग कुणी ‘नाही जमत’ असं का म्हणत नाही? कारण वजन चुकलं तर मानधनातला पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त कापला जातो, आणि समोरच्याने नकार दिला तर लढतच जाते. तीन महिने राबून वर्षातून दोनदा पैसे हाती येणाऱ्या माणसाला हे परवडत नाही.

यावर उपाय नाही असं सांगणारे पुष्कळ भेटतात. खेळच तसा आहे, म्हणतात. मला हे पटत नाही, कारण उपाय एका सख्ख्या चुलत खेळात होऊन गेलाय. १९९७च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, जेमतेम महिनाभरात, अमेरिकेतले तीन कॉलेज-कुस्तीगीर वजन उतरवताना मेले. रबरी सूट घालून, तापवलेल्या खोलीत व्यायाम करता करता. कॉलेज-खेळांच्या संघटनेने रबरी सूट, वाफेच्या खोल्या, लघवीच्या गोळ्या यांवर बंदी घातली. ती अपेक्षितच होती. खरा घाव घातला तो वेळेवर. वजन लढतीच्या तासा-दोन तास आधी करायचं असं ठरलं. सुकून आलात तर सुकलेल्या अंगानेच लढा! शिवाय हंगामाच्या सुरुवातीला लघवी तपासून, अंगात पाणी पुरेसं आहे हे पाहून, प्रत्येकाचं किमान वजन ठरायला लागलं. पुढच्या पाहण्यांत वजन उतरवण्याचं प्रमाण घटलेलं दिसलं.

यांगच्या मृत्यूनंतर वन चॅम्पियनशिपनेही हाच रस्ता धरला. काट्याबरोबर लघवीची घनता मोजायची, १.०२५च्या वर गेली की नापास. गटही वर सरकवले, इतरत्र ५६.७ किलोचा असलेला फ्लायवेट तिथे ६१.२ किलोचा झाला. पळवाटा काढणारे काढतात, नाही असं नाही. पण यूएफसीने २०१६पासून नेमकं उलट केलं. वजन संध्याकाळऐवजी सकाळी होऊ लागलं, म्हणजे पाणी भरून काढायला कित्येक तास जास्त मिळाले. हेतू चांगलाच होता. पण जास्त वेळ मिळतो म्हटल्यावर माणूस जास्त सुकायला धजावतो, हे ओळखायला वैद्यकशास्त्र लागत नाही.

लढतीच्या सकाळीच वजन करण्याचा जाच आपण ७ ऑगस्ट २०२४ला पाहिला. कुस्तीगीर विनेश फोगाट, पॅरिस ऑलिंपिक, ५० किलो, शंभर ग्रॅम जास्त, आणि अंतिम लढतीआधीच बाद. रात्रभर धावणं, वाफ घेणं, केससुद्धा कापले. त्या दिवशी घराघरांत शंभर ग्रॅमवर चर्चा झाली, नियम दुष्ट ठरला. मी तेव्हाही मित्रांशी भांडलो होतो की नियम जाचक असला तरी त्याचा रोख बरोबर आहे. भांडणात मी हरलो, तो भाग वेगळा.

मला त्या दिवशी आठवला तो कोल्हापूरकडच्या एका तालमीतला मुलगा. मे महिना, दुपारचे साडेतीन. अंगात पावसाळी कोट, त्यावर स्वेटर, डोक्याला माकडटोपी, आणि आवाराला फेऱ्या मारतोय. वस्तादांना विचारलं तर म्हणाले, ‘दीड किलो ऱ्हायलंय. उद्या सकाळी काटा हाय.’ वय विचारलं, पंधरा. थोड्या वेळाने तो थांबला, वाकला, कोटाची बाही खाली केली, तर ओंजळभर पाणी फरशीवर सांडलं. मग नळापाशी गेला. तोंडात पाणी घेतलं, गालांत इकडून तिकडे बराच वेळ घोळवलं. वस्ताद बघत होते. पोराने ते सगळं थुंकून टाकलं, तोंड पुसलं आणि पुन्हा फेऱ्या सुरू केल्या.