पोत्यावरचं नाव आणि भारांचा हिशेब

वर्धा जिल्ह्यात आर्वी, आष्टी, कारंजा (घाडगे) हा संत्र्याचा पट्टा. तिथे बागांवर फवारायचं बोर्डो मिश्रण करायचं म्हणजे मोरचूद एका प्लास्टिकच्या बादलीत, चुना दुसऱ्या बादलीत भिजवायचा आणि मग दोन्ही एकत्र करायचं. त्यात विळा बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला. या दोन बादल्यांत रसायनशास्त्राच्या पुस्तकातली ‘संमिश्र मूलकं’ असतात : अणू अनेक, पण भार सगळ्यांचा मिळून एक. त्यांच्या नावांबद्दल मात्र घोळ फार.

गैरसमज : मोरचूद म्हणजे तांबं अधिक गंधक.
वस्तुस्थिती : मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. सल्फेटमध्ये एका गंधकाला चार ऑक्सिजन जोडलेले असतात. भार उणे दोन. तांब्याचा भार अधिक दोन, म्हणून जोडी एकास एक. नुसतं तांबं आणि गंधक जुळलं, तर काळं कॉपर सल्फाइड होतं आणि ते पाण्यात विरघळत नाही.

गैरसमज : ‘एट’ म्हणजे चार ऑक्सिजन, ‘आइड’ म्हणजे एकच मूलद्रव्य.
वस्तुस्थिती : सल्फेटमध्ये चार, पण नायट्रेट आणि कार्बोनेटमध्ये तीनच. ‘एट’मध्ये ‘आइट’पेक्षा ऑक्सिजन जास्त, इतकंच ठरलेलं : नायट्रेटमध्ये तीन, नायट्राइटमध्ये दोन, भार दोघांचाही उणे एक. आणि भिजवलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, ‘आइड’चा नियम मोडतो. हायड्रॉक्साइडमध्ये ऑक्सिजन आणि हायड्रोजन दोन्ही असतात.

गैरसमज : दोन नायट्रेट असतील, तर नाव ‘कॅल्शियम डायनायट्रेट’.
वस्तुस्थिती : कॅल्शियमचा भार अधिक दोन, नायट्रेटचा उणे एक, दोन नायट्रेट लागणारच. जे भारावरूनच कळतं, ते नावात सांगत नाहीत. लोखंडाचा भार मात्र बदलतो, म्हणून हिराकसाचं नाव आयर्न(टू) सल्फेट. कंसातला आकडा लोखंडाचा भार सांगतो, सल्फेटची संख्या नव्हे.

गैरसमज : मग डीएपीतला ‘डाय’ चुकीचा.
वस्तुस्थिती : फॉस्फेटचा भार उणे तीन, अमोनियमचा अधिक एक. म्हणजे तीन अमोनियम हवेत, पण डीएपीत दोनच असतात. तिसरी जागा हायड्रोजन घेतो. पूर्ण नाव डायअमोनियम हायड्रोजन फॉस्फेट. पोत्यावर हायड्रोजन गाळतात, म्हणून ‘डाय’ ठेवावाच लागतो. नाहीतर मोनोअमोनियम फॉस्फेटशी गल्लत होईल.

गैरसमज : खत म्हटलं की आयनांचं संयुग.
वस्तुस्थिती : पऱ्हाटीला पडणारा युरिया आयनांचा नाहीच, तो साधा रेणू. त्याच्या नावात धन-ऋण जोडी शोधू नये.

मुलांना सूत्रं घोकायला लावण्याआधी घरातली खताची पोती वाचायला लावा. आधी धन आयनाचं नाव, मग ऋण आयनाचं, आणि भारांची बेरीज शून्य. एवढं जमलं, की पाठांतर निम्म्यावर येतं.