चार मायक्रोसेकंदांतला निवाडा

कोथरूडकरांनी वेताळ टेकडी चढून पलीकडच्या अंगाला उतरावे, म्हणजे पाषाण लागते. तेथील आयसर ह्या संस्थेतली काही शास्त्रज्ञ मंडळी आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले त्यांचे सहकारी जिनिव्हाजवळच्या 'सीएमएस' ह्या प्रयोगात सहभागी आहेत. २०१२ साली ज्या दोन प्रयोगांत हिग्ज कण सापडला, त्यांपैकी हा एक. आज मला बोलावयाचे आहे ते मात्र कण सापडण्याआधी जो निवाडा करावा लागतो त्याविषयी.

तेथे २७ किलोमीटर घेराच्या बोगद्यात प्रोटॉनांचे पुंजके समोरासमोर येऊन दर २५ नॅनोसेकंदांनी एकमेकांतून जातात. सेकंदाला सुमारे चार कोटी वेळा. एवढ्या अवधीत प्रकाश जेमतेम साडेसात मीटर जातो. एका टकरीतले कण यंत्राबाहेर पडतात न पडतात तोच दुसरी टक्कर झालेली असते. हे सारे नोंदवून ठेवणे अशक्य. म्हणून पहिली चाळणी सेकंदाला सुमारे एक लाख घटनाच पुढे सोडते, आणि प्रत्येक घटनेचा निकाल सुमारे ४ मायक्रोसेकंदांत द्यावा लागतो. त्यातलाही बराच वेळ तारांतून जाण्यायेण्यात खर्ची पडतो. निकाल 'नको' असा लागला की ती घटना कायमची गेली. येथे अपील नाही.

नेहमीचा संगणक एकामागून एक आज्ञा वाचीत बसतो. त्याला हे झेपत नाही. म्हणून एफपीजीए नावाची चिप वापरतात. १९८५ साली अशी पहिली चिप बाजारात आली तेव्हा तिच्यात तर्काचे ६४ ठोकळे होते. आज लाखांनी असतात. ठोकळे तयार मिळतात, त्यांच्यामधल्या जोडण्या आपण ठरवावयाच्या, आणि उद्या प्रश्न बदलला तर त्याही बदलावयाच्या.

लग्नातली पंगत आठवा. एकाच वाढप्याने पहिल्या पानावर मिठापासून वरणभातापर्यंत सारे वाढून मग दुसऱ्या पानाकडे वळावयाचे ठरविले, तर शेवटचा पाहुणा उठून जाईल! प्रत्यक्षात कोशिंबिरीवाला दुसऱ्या पानाशी पोहोचतो तेव्हा भाजीवाला पहिल्यापाशी असतो. एक पान पुरे व्हावयास वेळ तेवढाच लागतो, पण दर क्षणाला नवे पान सुरू होते. ह्या यंत्रातही एका वेळी सुमारे १६० घटना निकालाच्या वाटेवर असतात.

ही पंगत बसविण्यासाठी व्हीएचडीएल किंवा व्हेरिलॉग ह्या भाषांत घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला कोठे काय घडावे ते लिहावे लागते. भौतिकीचा माणूस आपले सूत्र अभियंत्याकडे देई, आणि देताघेता त्यातला थोडा अर्थ सांडे. उच्चस्तरीय संश्लेषणाने (शब्द जड आहे, चालवून घ्या) तो सूत्र सी प्लस प्लस ह्या ओळखीच्या भाषेत लिहितो, आणि ठोक्यांचे वेळापत्रक एक दुसरा प्रोग्राम मांडतो. २०१८ पासून 'एचएलएस फॉर एमएल' ह्या साधनाने शिकविलेली न्यूरल जाळीही अशा चिपांवर उतरविता येऊ लागली. लहान जाळ्याचे उत्तर १०० नॅनोसेकंदांच्या आसपास मिळते.

मग अभियंत्याचे काम संपले काय? मुळीच नाही. शंभर गुणाकार करावयाचे, तर शंभर वाढपी एकदम उभे करावयाचे की एकालाच शंभर फेऱ्या घालावयास लावावयाचे? पहिल्यात जागा जाते, दुसऱ्यात वेळ. हे प्रोग्राम लिहिणारानेच सांगावे लागते. 'जेवढे कण येतील तेवढ्या वेळा करा' ही आज्ञा संगणकाला चालते. चिपवर किती पाने मांडावयाची ते आधी ठरले पाहिजे. जादा पाहुणा आला तर त्याला पानच नाही, आणि हवा असलेला कण नेमका तोच असू शकतो.

आकड्यांचेही तसेच. बटाटे तोलावयास सोनाराचा काटा नको, म्हणून अपूर्णांकांची शेपटे छाटून जागा वाचवितात. फार छाटली तर दुर्मिळ घटना सामान्य घटनेसारखी दिसू लागते आणि चाळणीतून फेकली जाते. म्हणून माझ्या मते ह्या साधनाने लिहिण्याचे श्रम वाचतात, विचाराचे वाचत नाहीत. छाटलेल्या आकड्यांचे उत्तर मूळ उत्तराशी ताडून पाहणे हे सर्वांत कंटाळवाणे काम, आणि तेच टाळता येत नाही.

हे यंत्र २०३० च्या सुमारास नव्या रूपात चालविण्याचा बेत आहे. तेव्हा पुंजक्यांच्या एकेका भेटीत २०० पर्यंत टकरी होतील, चाळणीला १२.५ मायक्रोसेकंद मिळतील आणि तिने सेकंदाला साडेसात लाखांपर्यंत घटना पुढे सोडावयाच्या आहेत.