एका ॲपपुरता टॅब

सकाळी ९.३०
पुण्यात केळकर रस्त्यामागच्या बोळात, जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमच्या ऑफिसच्या दोन खोल्या. काम : टॅब एकाच ॲपपुरते कुलूपबंद करून द्यायचे. आज टॅबचं खोकं आलंय. घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घेणाऱ्या एका लॅबच्या मुलांसाठी ही दुसरी खेप. खोकं फोडलं की पहिला नियम : उत्साहाच्या भरात गूगल अकाउंट घालायचं नाही. घातलं, की टॅब परत फॅक्टरी रीसेट. कोऱ्या टॅबच्या स्वागताच्या पडद्यावर एकाच जागी सहा वेळा टिचकी मारायची; क्यूआर वाचणारा कॅमेरा उघडतो. आमचा कोड दाखवला की टॅब कंपनीच्या मालकीचा म्हणून नोंदला जातो आणि पुढचं सगळं माझ्या खुर्चीतून. ही क्यूआरची सोय अँड्रॉइड ७ पासूनची. एका ॲपमध्ये डांबून ठेवणारा ‘लॉक टास्क’ त्याच्याही आधीचा, २०१४ च्या अँड्रॉइड ५ मधला. हे सांभाळणारं सॉफ्टवेअर बाहेरूनच आणावं लागतं असंही नाही. पूर्वी मोबीलॉक आणि आता स्केलफ्यूजन म्हणून देशोदेशी विकलं जाणारं उत्पादन पुण्यातल्या कंपनीचंच आहे.

१०.४५
एका डायनिंग हॉलच्या मालकांचा फोन. “माझ्या मोबाइलमध्ये ते पिनिंग आहे की! तेच करून द्या, पैसे कशाला?” पिनिंग, म्हणजे एकच ॲप पडद्यावर खिळवून ठेवणं, चांगलंच आहे, पण दोन बटणं एकत्र दाबून धरली की सुटतं. पिन मागायला लावता येतो. मग तो पिन तासाभरात सगळ्या वाढप्यांना पाठ असतो. घरच्या नातवासाठी ठीक आहे, म्हटलं. ते विचार करून कळवणार आहेत. म्हणजे कळवणार नाहीत.

११.३०
अभ्यासिका. स्पर्धापरीक्षेची मुलं या पेठांमध्ये बारा-बारा तास बसून असतात. दाराशी हजेरीचा टॅब. तक्रार अशी, की टॅबवर क्रिकेट दिसतं. आज गुरुवार, दुरुस्तीसाठी वीज गेलेली, राउटर बंद. पंखे थांबल्यामुळे निम्मी मुलं जिन्यात. त्यांनाच विचारलं.

“ताई, आम्ही हॅक वगैरे काही केलं नाही. खाली प्रायव्हसी पॉलिसीची लिंक होती, ती दाबली.”

प्रायव्हसी पॉलिसी कोण वाचतं, असं आपण म्हणतो. राज्यसेवेची पोरं वाचतात. माझा हॉटस्पॉट चालू करून त्यांच्याच हातून करून घेतलं. हजेरीच्या पानाच्या तळाशी बारीक करड्या अक्षरांत लिंक. ती ॲपच्याच खिडकीत ॲप बनवणाऱ्यांची वेबसाइट उघडते. त्या पानाच्या शेवटी यूट्यूबचं चिन्ह. तिथून पुढे अख्खं जग मोकळं. टॅबच्या लेखी हजेरीचं ॲपच चालू आहे, त्यामुळे कुलपाला काही पत्ताच नाही. वेबपत्त्यांची परवानगी-यादी घालून हे भोक बुजवलं आणि ॲपवाल्यांना ती लिंक काढायला लिहिलं.

पण खरी गोष्ट पुढे निघाली. वीज गेली की हजेरी लागत नाही आणि अभ्यासिका चालवणारे काका दंड लावतात, म्हणून मुलं बाहेरचा रस्ता शोधत होती. स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट जोडता येईल का ते बघायला. क्रिकेट हा वरचा नफा. माझ्या अनुभवात कुलूप तोडणारा बहुतेक वेळा कामासाठीच तोडतो. काकांना सांगितलं, इंटरनेट नसताना हजेरी टॅबमध्येच साठवायची सोय या ॲपमध्ये आहे, ती चालू करतेय. “आणि दंड?” ते म्हणाले. तो तुमचा प्रश्न.

१.३०
डबे. माझ्या सहकाऱ्याची आई अंगणवाडी सेविका. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले, त्यात तीही होती. फोनची मेमरी तुटपुंजी, सारखा गरम होणारा, आणि पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं ही हकिगत एकदा ऐकावी. यंत्र देणाऱ्यानं बालकांची वजनं घेणाऱ्या एखाद्या सेविकेच्या शेजारी अर्धा तास बसून पाहिलं असतं, तर बरंच काही टळलं असतं.

३.१५
एका दुकानातला टॅब परत आलाय : पाठ फुगलेली, काच कडेनं उचललेली. भिंतीवर ठोकून रात्रंदिवस चार्जरला लावून ठेवला की बॅटरीचं हेच होतं. जिथे टॅबमध्ये ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय आहे तिथे ती चालू करतो. नसेल तिथे साधा टायमरचा प्लग. यापुढे तो बिलातच धरते.

४.३०
दुसऱ्या एका गिऱ्हाइकानं वायफायचा पासवर्ड बदलला. टॅब नव्या जाळ्याला जोडायचा तर सेटिंग्ज हवीत, सेटिंग्ज कुलपात. कुलूप लांबून उघडायचं तर टॅब जाळ्यावर हवा. म्हणून प्रत्येक टॅबमध्ये मी आधीच दुसरं एक जाळं भरून ठेवते. तिथे जाऊन माझ्या फोनचा हॉटस्पॉट त्याच नावानं चालू केला, टॅब बिनबोभाट जोडला गेला, नवा पासवर्ड उतरला. गिऱ्हाईक म्हणालं, एवढंच होतं?

७.००
अपडेटची वेळ पहाटे दोन ते चार ठेवली. नाहीतर ऐन गर्दीत टॅब स्वतःहून बंद होऊन चालू होतो. तेवढ्यात लॅबच्या बाईंचा फोन : पहिल्या खेपेची मुलं टॉर्च मागताहेत, जुन्या वाड्यांच्या जिन्यात नळीवरचा बारकोड दिसत नाही. आधी नकाशा मागितला होता, मग फोन लावायची सोय. दोन्ही दिल्या. टॉर्चचं बटणही दिलं. त्यासाठी कुणी ऑफिसात यायची गरज नाही.

“आणि कॅल्क्युलेटर?”

तो कशाला लागतोय, ते मात्र कळेना. उद्या सकाळी साडेसहाला त्यांच्या एका मुलाच्या स्कूटरवर मागे बसून फेरी मारायचं ठरलंय.