जुना कॉम्प्युटर बंद पडण्याआधी त्यातलं अख्खं विंडोज नव्या कॉम्प्युटरमध्ये कसं उतरवतात?

तालुका केळापूर, पण तहसील पांढरकवड्यात. यवतमाळ जिल्ह्याबाहेरच्या माणसाला हे पटकन कळत नाही. कागदावरचं नाव एक आणि कारभार चालतो दुसऱ्याच ठिकाणाहून. तरीही काम अडत नाही, कारण सातबारा असो की दाखला, पत्त्यावर ‘ता. केळापूर’ लिहिलं की पुरतं.

कॉम्प्युटरच्या जगातही असंच काहीसं करता येतं. जुन्या मशीनमधलं विंडोज, त्यातली सॉफ्टवेअर, फाँट, सेटिंग, फायली असं सगळं उचलायचं आणि नव्या मशीनच्या पोटात ठेवायचं. आतल्या विंडोजला वाटतं आपण आपल्याच कॉम्प्युटरवर आहोत. प्रत्यक्षात ते दुसऱ्याच्या घरात राहत असतं. याला म्हणतात व्हर्च्युअल मशीन.

पण हे करायची वेळ कुणावर येते? आणि नुसत्या फायली पेनड्राईव्हवर घेऊन का भागत नाही?

प्रश्न फायलींचा नाही, फाँटचा आहे

समजा, पांढरकवड्यातलं एक डीटीपी सेंटर आहे. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, एखादं स्थानिक साप्ताहिक असं पंधरा-वीस वर्षांचं काम एकाच जुन्या कॉम्प्युटरवर पडून आहे. त्यात पेजमेकर आहे आणि मराठीसाठी श्रीलिपी, आयएसएम किंवा कृतिदेवसारखी व्यवस्था आहे.

पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, म्हणजे ७.०, आली २००१ साली. त्यानंतर ॲडोबीने इनडिझाइनकडे मोर्चा वळवला. पण तालुक्याच्या गावात चालतंय ते चालू ठेवायचं, ही रीत. त्यामुळे पेजमेकर राहिला आणि त्यासोबत जुने फाँटही राहिले.

हे फाँट युनिकोड नाहीत. कृतिदेवमध्ये तुम्ही ‘मराठी’ हा शब्द टाइप केला, तर पडद्यावर मराठी दिसतं. पण कॉम्प्युटरच्या लेखी तिथे ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरं असतात. फाँट त्या अक्षरांवर म, र, काना, ठ आणि वेलांटीचे मुखवटे चढवतो. फाँट काढला की मुखवटे गळून पडतात आणि उरते ती निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग.

म्हणून फाईल नव्या कॉम्प्युटरवर नेली तरी ती उघडायला पेजमेकर लागतो, वाचायला तोच फाँट लागतो, दुरुस्त करायला तोच कीबोर्ड ड्रायव्हर लागतो. इन्स्टॉलेशनची सीडी हरवलेली असते. काही सॉफ्टवेअरना डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावायची कुलुपाची चावी लागते. बिलिंग किंवा हिशेबाचं एखादं जुनं सॉफ्टवेअर असेल, तर ते लिहून देणारा माणूस कधीच गाव सोडून गेलेला असतो.

अशा वेळी फायलींऐवजी अख्खं घरच हलवावं लागतं.

आत्ताच हा विषय का निघाला?

मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. घरगुती वापरकर्त्यांना विंडोज १० साठी नोंदणी करून आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट घेता येतात.

मग सरळ विंडोज ११ का टाकू नये? कारण त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेली बहुतेक मशीन इथेच नापास होतात. म्हणजे नवा कॉम्प्युटर घ्यावाच लागतो आणि जुन्याचं काय करायचं, हा प्रश्न उरतो.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे नेमकं काय?

एका मोठ्या वाड्यात भाडेकरू ठेवतात तसं समजा. वाडा म्हणजे तुमचा नवा कॉम्प्युटर. त्यातली काही रॅम, प्रोसेसरचा काही वेळ आणि डिस्कवरची काही जागा भाडेकरूला दिलेली असते. भाडेकरू म्हणजे जुनं विंडोज. दोघांमध्ये व्यवहार पाहणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरव्हायजर म्हणतात.

जुन्या विंडोजने हार्ड डिस्क मागितली की हायपरव्हायजर त्याला एक मोठी फाईल दाखवतो आणि सांगतो, ‘ही घे तुझी डिस्क’. त्याची सी ड्राईव्ह, डी ड्राईव्ह सगळं त्या एका फाईलमध्ये असतं. त्यामुळे पूर्ण कॉम्प्युटरचा बॅकअप घेणं म्हणजे एक फाईल कॉपी करणं, इतकं ते सोपं होतं.

ही कल्पना जुनी आहे. आयबीएमने आपल्या महाकाय कॉम्प्युटरसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ मध्येच जाहीर केली होती. साध्या पीसीवर ती आणली व्हीएमवेअरने, १९९९ मध्ये. आज तर आपण रोज तिच्यावरच जगतो. ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत क्लाऊड केंद्र सुरू केलं. तिथे कंपन्या जे ‘सर्व्हर’ भाड्याने घेतात, तेही बहुतांशी व्हर्च्युअल मशीनच असतात.

कॉपी करायची कशी?

विंडोज ७ किंवा १० असलेल्या मशीनसाठी सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातलं ‘डिस्क२व्हीएचडी’ हे मोफत साधन. कॉम्प्युटर सुरू असतानाच ते डिस्कची प्रत घेतं. त्यासाठी विंडोजमधली शॅडो कॉपी ही सोय ते वापरतं. एका क्षणी डिस्क जशी होती, तशी गोठवून तिची प्रत बनते. तरीही कॉपी चालू असताना पेजमेकर, टॅली वगैरे बंद ठेवलेलं बरं.

सुरुवात करण्यापूर्वी चार गोष्टी तपासून घ्या.

एक, डिस्क धडधाकट आहे का? टक-टक असा आवाज येत असेल, फायली उघडताना मशीन अडकत असेल, तर प्रयोग करू नका. कॉम्प्युटर बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याला दाखवा. मरायला टेकलेल्या डिस्कवर प्रत्येक मिनिट महाग असतं.

दोन, बिटलॉकर चालू असेल तर बंद करा. नाहीतर नव्या घरात गेल्यावर विंडोज रिकव्हरी की मागतं आणि ती सापडली नाही तर सगळी मेहनत वाया जाते.

तीन, स्टार्टमध्ये ‘सिस्टम इन्फर्मेशन’ उघडा आणि बायोस मोडपुढे ‘लेगसी’ लिहिलंय की ‘यूईएफआय’, ते कागदावर टिपून ठेवा. पुढे हे फार उपयोगी पडतं.

चार, एक्स्टर्नल हार्ड डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेली हवी. फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल तिच्यावर मावतच नाही आणि इथे तर १०० जीबीची एक फाईल बनू शकते.

आता डिस्क२व्हीएचडी सुरू करा. सी ड्राईव्हसोबत ‘सिस्टम रिझर्व्ह्ड’ नावाचा छोटा भागही निवडा. बूट होण्याची माहिती तिथे असते. तो सुटला तर प्रत बनते, पण सुरू होत नाही. पुढे व्हर्च्युअलबॉक्स वापरणार असाल तर ‘व्हीएचडीएक्स’ची खूण काढा आणि साधी व्हीएचडी फाईल बनवा. तिची मर्यादा सुमारे २ टीबी आहे, जुन्या मशीनला ती पुरेशी होते.

वेळ किती लागेल? जुन्या यूएसबी २.० पोर्टवर सेकंदाला साधारण ३० एमबी वेग मिळतो. म्हणजे १०० जीबीला तासभर धरा. मध्येच लाईट गेली तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून यूपीएस असल्याशिवाय हे काम हाती घेऊ नका.

आणखी एक काळजी. बनलेली व्हीएचडी फाईल त्याच जुन्या कॉम्प्युटरवर उघडून पाहण्याचा मोह टाळा. मूळ डिस्क आणि प्रत यांची ओळखखूण एकच असते. दोन्ही एकदम दिसल्या की विंडोज प्रतीची खूण बदलून टाकतं आणि मग प्रत बूट होत नाही.

नव्या घरात प्रवेश

नव्या कॉम्प्युटरवर ओरॅकलचं व्हर्च्युअलबॉक्स टाका. मूळ सॉफ्टवेअर मोफत आहे. मात्र त्याचा एक्स्टेन्शन पॅक फक्त वैयक्तिक वापरासाठी मोफत असतो, हे दुकानदारांनी लक्षात ठेवावं. तुमच्याकडे विंडोजची प्रो आवृत्ती असेल तर मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्हीही वापरता येतं. होम आवृत्तीत ते नसतं. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन सुरू आहे ना, तेही पाहा.

नवीन मशीन तयार करताना ‘आधीची डिस्क वापरा’ हा पर्याय निवडून ती व्हीएचडी दाखवा. कागदावर ‘यूईएफआय’ टिपलं असेल तर ईएफआयची खूण करा, ‘लेगसी’ असेल तर करू नका. रॅम नव्या कॉम्प्युटरच्या निम्म्यापेक्षा जास्त देऊ नका. यजमानालाही जगायचं असतं.

पहिल्यांदा सुरू करताना निळा पडदा आला तर घाबरू नका. त्यावर शेवटी ‘७बी’ असलेला एरर दिसला, तर अर्थ एवढाच की विंडोजला आपली डिस्क सापडत नाहीये. जुन्या मशीनमध्ये डिस्क ज्या प्रकारच्या कंट्रोलरला जोडलेली होती, तोच प्रकार सेटिंगमध्ये निवडा. साटा असेल तर आयडीई करून पाहा. बहुतेक वेळा गाडी इथेच रुळावर येते.

एक्सपीचं प्रकरण जरा वेगळं आहे. डिस्क२व्हीएचडीची सध्याची आवृत्ती व्हिस्टा आणि त्यानंतरच्या विंडोजवरच चालते. त्यामुळे एक्सपीची डिस्क बाहेर काढून, ॲडाप्टरने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून तिची प्रत घ्यावी लागते. हे काम जाणकार माणसाकडून करून घेतलेलं चांगलं.

परवान्याचं काय?

इथे बरेच जण चुकतात. कॉम्प्युटरसोबत आलेलं विंडोज बहुधा ओईएम परवान्याचं असतं. तो परवाना त्याच मशीनला बांधलेला असतो, दुसऱ्यावर नेता येत नाही. वेगळं विकत घेतलेलं रिटेल विंडोज असेल तर जुन्या मशीनवरून काढून ते हलवता येतं. व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोजला सगळं हार्डवेअर बदललेलं दिसतं, त्यामुळे ते पुन्हा ॲक्टिव्हेशन मागू शकतं. डीटीपी सॉफ्टवेअरच्या परवान्यालाही हाच नियम लावून पाहा.

यूएसबी डोंगल असेल तर तो व्हर्च्युअल मशीनला जोडून देता येतो. पण जुन्या प्रिंटर पोर्टला लागणारा डोंगल असेल तर मामला कठीण असतो. नव्या कॉम्प्युटरला ते पोर्टच नसतं. म्हणून जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी आठवडाभर दोन्ही सोबत चालवा. एक जुनी फाईल उघडा, दुरुस्त करा, प्रिंट काढा. हे तिन्ही जमलं तरच स्थलांतर झालं असं समजा.

इंटरनेट मात्र देऊ नका

जुनं विंडोज नव्या घरात आलं म्हणून ते सुरक्षित होत नाही. त्यातली भोकं तशीच असतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा आधार संपलेल्या एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टला खास अपडेट काढावं लागलं होतं. म्हणून व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंगमध्ये नेटवर्क बंदच ठेवा. फायली आत-बाहेर करायला शेअर्ड फोल्डर पुरेसं आहे. ई-मेल, बँक, व्हॉट्सॲप वेब हे सगळं बाहेरच्या, नव्या विंडोजवरच करा.

सगळं नीट सुरू झालं की मशीन बंद करून व्हीएचडी फाईलची प्रत दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. त्यातली एक दुकानात आणि एक घरी. दोन्ही एकाच टेबलाच्या खणात ठेवल्या तर आग आणि चोरी दोघांनाही सोपं जातं.

मग प्रश्न कायमचा सुटला का?

नाही. हायपरव्हायजर बदलतील, परवाने बदलतील, जुना पेजमेकर चालवता येणारी माणसंही कमी होत जातील. व्हर्च्युअल मशीनने वेळ मिळतो, एवढंच. तो वेळ वापरायचा आहे तो मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी. कृतिदेवसारख्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर उपलब्ध आहेत. जोडाक्षरं आणि रफार यांत चुका राहतात, त्यामुळे एकदा वाचून तपासावं लागतं. पानांची पीडीएफ काढून ठेवली तर पान जसंच्या तसं दिसतं, पण जुन्या फाँटमुळे त्यात मराठी शब्द शोधता येत नाही. म्हणून पीडीएफ आणि युनिकोड मजकूर, दोन्ही हवेत.

स्थानिक साप्ताहिकांचे जुने अंक, एखाद्या गावच्या शाळेची स्मरणिका, पतसंस्थेचा पंचवीस वर्षांपूर्वीचा अहवाल या गोष्टी सहसा इंटरनेटवर नसतात. त्यांची एकमेव डिजिटल प्रत कुठल्या तरी डीटीपी सेंटरच्या कोपऱ्यातल्या मशीनमध्ये असू शकते. विदर्भातल्या उन्हाळ्यात ते मशीन किती दिवस तग धरेल, याची खात्री कुणी देऊ शकत नाही. तुमच्या ओळखीत असा कॉम्प्युटर असेल, तर तो पुढच्या वेळी सुरू होतोय तोवरच प्रत काढून घ्या.