पाथरीची एक न झालेली नोंद

महाराष्ट्रातल्या नगर परिषदा ज्या १९६५ च्या अधिनियमावर चालतात, त्यात परिषदेची बंधनकारक कामं सांगितली आहेत. दिवाबत्ती, झाडलोट, गटारं, पिण्याचं पाणी आणि जन्ममृत्यूची नोंद. परभणी जिल्ह्यातली पाथरी नगर परिषदही हीच कामं करते. फक्त ज्या एका जन्मासाठी पाथरीचं नाव राज्यभर गाजलं, तो शिर्डीच्या साईबाबांचा मानला जाणारा जन्म तिच्या कुठल्याच रजिस्टरात नाही, आणि असणंही शक्य नव्हतं. १८३८ च्या आसपास निजामाच्या मुलखातल्या एका कसब्यात ब्राह्मणाच्या घरी मूल झालं तर त्याची दप्तरी नोंद करणार कोण?

मला स्वतःला साईबाबांपेक्षा पाथरीचं वेड जास्त. ते लागलं फारसी इतिहासकार फिरिश्त्यामुळे. जन्मस्थानाच्या अभिमानापायी पाथरीवरून भांडण व्हायची २०२० मधली वेळ पहिली नव्हती. त्याच्या पाचशे वर्षं आधी याच कारणावरून इथे तलवारी निघाल्या होत्या, आणि हा किस्सा आपल्या शालेय इतिहासात कसा आला नाही याचं मला अजून नवल वाटतं.

फिरिश्ता सांगतो, की अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळ पुरुष मलिक हसन हा पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातला. मूळ नाव तिमाप्पा, बापाचं नाव भैरव. घराणं काही कारणाने गाव सोडून विजयनगरच्या मुलखात गेलं, तिथे बहमनी फौजेच्या हाती हा मुलगा लागला, मुसलमान झाला आणि शहजाद्याच्या सोबतीला राहिला. भैरवाचं ‘बहरी’ झालं आणि ते बिरुद घराण्याला कायमचं चिकटलं. पुढे तो बहमनींचा वजीर झाला. त्याचा मुलगा अहमद याने १४९० मध्ये स्वतंत्र गादी मांडली, हे वाचकांना ठाऊक आहेच.

खरी गंमत नातवाच्या, बुऱ्हाण निजामशाहाच्या काळात. राज्य आपल्या भाऊबंदाचं झालंय हे कळल्यावर पाथरीचे कुलकर्णी नातलग अहमदनगरला आले. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीत. बुऱ्हाण लहान होता, कारभार मुकम्मलखानाकडे. त्याने इमादशाहाला कळवलं, की पाथरी आमच्या वाडवडिलांचं गाव, ते आम्हाला द्या आणि बदल्यात जास्त उत्पन्नाचा परगणा घ्या. मागणी रीतसर होती. इमादशाहाने ती फेटाळली आणि वर पाथरीला कोट बांधायला काढला. इथे ठाणं बसवलंत तर रोज कटकटी होतील, असा निरोप मुकम्मलखानाने धाडला. कोट पुरा करून इमादशाह एलिचपूरला परतला. मग मुकम्मलखान दौलताबाद आणि वेरूळ बघण्याचं निमित्त करून फौजेसह निघाला आणि वाट वाकडी करून १५१८ मध्ये पाथरीवर जाऊन पडला. कोटावर पहिल्यांदा चढणाऱ्या मियाँ मुहम्मद घोरीला कामिलखान हा किताब मिळाला. नंतर इमादशाहाने गोवळकोंड्याच्या मदतीने गाव परत घेतलं, १५२७ मध्ये बुऱ्हाणाने ते पुन्हा जिंकलं, कोट पाडून सपाट केला आणि परगणा ब्राह्मण नातलगांना इनाम देऊन टाकला. मुसलमान सुलतान आपल्या कुलकर्णी चुलत्यांसाठी लढतोय. आजच्या कुठल्याच जाहीरनाम्यात न बसणारी गोष्ट.

अकबराच्या काळी पाथरी हे वऱ्हाड सुभ्यातलं सरकार, म्हणजे आजच्या हिशेबाने जिल्ह्याचं ठाणं होतं. पुढे उतरण. निजामाच्या अमदानीत रेल्वे आली ती मनमाड–परभणी मार्गाने. त्यावरच्या स्टेशनाला नाव मिळालं शेजारच्या मानवतचं. जिल्हा परभणीला गेला, पाथरीला तालुका उरला.

आता दुसरं भांडण. हेमाडपंतांच्या साईसच्चरितात बाबांचं जन्मगाव अज्ञात आहे. बाबांना स्वतःला असल्या चौकशीचं काय वाटे, ते एका सरकारी कागदात उतरलंय, आणि या साऱ्या प्रकरणातला माझा सर्वांत लाडका पुरावा तोच. धुळ्याच्या कोर्टात दागिन्यांच्या चोरीचा खटला होता. आरोपी म्हणाला, दागिने मला शिर्डीच्या साईबाबांनी दिले. साक्ष घ्यायला अधिकारी शिर्डीत आला आणि छापील क्रमाने विचारू लागला. नावाच्या उत्तरात साईबाबा. वडिलांच्या नावातही साईबाबाच. गुरू वेंकुशा, पंथ कबीर, जात परवरदिगार, वय लाखो वर्षं. प्रत्येक रकाना भरला गेला आणि माहिती एकही मिळाली नाही.

तरी दोन धागे परभणी जिल्ह्याकडे येतात. शिर्डीतले बाबांचे भक्त म्हाळसापती यांची आठवण चरित्रकार नरसिंहस्वामींनी नोंदवली आहे. आपण पाथरीचे ब्राह्मण, लहानपणी फकिराच्या हवाली केलेले, असं बाबा त्यांना म्हणाले होते आणि पाथरीहून आलेल्या मंडळींकडे तिथल्या माणसांची विचारपूस करत होते. दुसरा धागा दासगणूंचा. त्यांनी बाबांचे गुरू म्हणून सेलूच्या गोपाळराव देशमुखांचं नाव घेतलं. दासगणू कीर्तनकार, कथा रंगवणं हा त्यांचा धर्म. म्हाळसापतींची आठवण मला जास्त वजनदार वाटते, कारण तीतून त्यांना काही मिळवायचं नव्हतं.

हे धागे हातात घेऊन १९७५ मध्ये वि. बा. खेर पाथरीत उतरले. त्यांनी गावातल्या ब्राह्मण घरांची कुलदैवतं विचारली. बहुतेकांची अंबाजोगाईची योगेश्वरी नाहीतर माहूरची रेणुका. भुसारी घराणं तेवढं वेगळं, त्यांचा कुलस्वामी गावाबाहेरचा कुंभारबावडीचा मारुती. बाबांचा मारुतीकडे ओढा होताच. त्यात घराण्याच्या सांगण्यात परशुराम भुसाऱ्यांचा एक मुलगा, हरिभाऊ, घर सोडून गेलेला. खेरांनी दोन टोकं जोडली. मा. वि. कामतांबरोबरच्या त्यांच्या १९९१ च्या इंग्रजी चरित्रात हे सगळं आलंय. पद्धत हुशारीची आहे, पण निष्कर्ष अनुमानाचाच. घर सोडून गेलेला एक मुलगा कुठल्या घराण्यात नसतो? कागद नाही, तारीख नाही. मधल्या काळात पाथरीत स्मारक समिती झाली, पडक्या घराची जागा घेतली गेली आणि १९९९ मध्ये तिथे मंदिर उघडलं.

बाकीचं वर्तमानपत्रांत येऊन गेलंय, म्हणून भरभर सांगतो. १ ऑक्टोबर २०१७ ला राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी शिर्डीतच पाथरीचा जन्मस्थान म्हणून उल्लेख केला आणि ठिणगी पडली. ९ जानेवारी २०२० ला औरंगाबादच्या बैठकीत मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पाथरीसाठी १०० कोटींचा आराखडा जाहीर केला. १९ तारखेला शिर्डी बंद. मंदिर तेवढं उघडं. पाथरीची बाजू हिरिरीने मांडत होते तेव्हाचे विधान परिषद सदस्य बाबाजानी दुर्राणी. म्हणजे साईबाबा जन्माने पाथरीचे ब्राह्मण, हे ठासून सांगणारा पुढारी मुसलमान. बुऱ्हाणशाहाच्या गावाला हे शोभलंच. बीडकरांनीही बाबांचा मुक्काम आपल्याकडे होता म्हणत निधी मागितला. २० तारखेला मुंबईत बैठक झाली. जन्मस्थान हा शब्द मागे पडला, तीर्थक्षेत्र म्हणून विकासाचा मुद्दा राहिला. निजामशाहीला दोन लढायांत जे साधलं नाही, ते सरकारने एका दुपारी केलं: दावा दप्तराबाहेर, पैसा दप्तरात.

शिर्डीकरांचा राग मला श्रद्धेइतकाच लॉजच्या खोल्यांचा वाटला, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण पाथरीच्या बाजूनेही स्वच्छ बोललं पाहिजे. मराठवाड्यातल्या कुठल्याही छोट्या नगर परिषदेचं दुखणं एकच आहे. सभेत रस्त्याचा, नाल्याचा, जलवाहिनीचा ठराव होतो, मुख्याधिकारी प्रस्ताव धाडतात, तो तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता आणि निधी अशा पायऱ्यांवर बसून राहतो. तोच रस्ता मंदिराकडे जातो असं प्रस्तावात लिहिलं की मंत्रालयातली नजर बदलते. नागरिकांनी नळाला पाणी मागायचं तर आधी गावात संत जन्मलेला असावा लागतो, ही व्यवस्था चुकीची आहे. दोष पाथरीचा नाही. तिने उपलब्ध दार ठोठावलं.

माझी मागणी मात्र साधी आहे आणि १०० कोटींची तर मुळीच नाही. आसफजाही दप्तरं हैदराबादला तेलंगणाच्या पुराभिलेखागारात आहेत. पाथरी परगण्याची इनामं, वतनं, घराण्यांचे वाद यांचे कागद शोधायचे तर फारसी आणि मोडी दोन्ही येणारा माणूस हवा. तीर्थक्षेत्राच्या निधीतून पाथरी नगर परिषदेने अशा एका विद्यार्थ्याला दोन वर्षांची शिष्यवृत्ती द्यावी. भुसाऱ्यांचा हरिभाऊ त्यात सापडेल असं मला वाटत नाही. बुऱ्हाणाचे कुलकर्णी सापडण्याची आशा जास्त आहे. शिष्यवृत्तीचा ठराव पुढच्याच सर्वसाधारण सभेत मांडता येईल, आणि पाथरीच्या नगरसेवकांपैकी कुणी हा अंक वाचत असेल तर त्याने तो मांडावा.