शाळेतले हात, साबण आणि पाण्याचा हिशेब

४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण महाराष्ट्रात पाचवी ते बारावीच्या शाळा पुन्हा उघडल्या. नेमक्या त्याच दिवसापासून अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातली ६१ गावे प्रशासनाने बंद केली, कारण तिथली कोरोनाची रुग्णसंख्या घटत नव्हती. त्यांत संगमनेर तालुक्यातली गावे सर्वाधिक होती. दप्तर भरून बसलेली तिथली मुले पुन्हा घरीच राहिली. १ डिसेंबरला ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्गही सुरू झाले आणि महिनाअखेरीस पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वर इथल्या जवाहर नवोदय विद्यालयात ५०हून अधिक विद्यार्थी बाधित निघाले.

या सगळ्या धांदलीत शाळांच्या दारात तापमापक बंदूक आली, सॅनिटायझरची बाटली आली, भिंतीवर हात धुण्याची चित्रे आली. चित्रे अजून आहेत. त्यांच्याखाली नळाला पाणी आणि पाण्याजवळ साबण आहे का, हे बघायला हवे.

हात धुऊन काय थांबते

एक गोष्ट आधी स्पष्ट करू. कोरोना मुख्यतः श्वासातून, बंद खोलीतल्या हवेतून पसरतो. सुरुवातीला सगळा भर हातांवर आणि पृष्ठभागांवर होता. उघड्या खिडक्यांचे महत्त्व पुढे कळले. वसतिगृहात एकत्र झोपणाऱ्या मुलांना नुसता साबण वाचवू शकत नाही.

तरीही हात धुणे वाया जात नाही. साबणाने हात धुण्याची सवय लागली की जुलाबाचे प्रमाण साधारण तिसऱ्या हिश्शाने आणि सर्दी-खोकल्याचे पाचव्या हिश्शाच्या आसपास घटते, असे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. जंत, टायफॉइड, दूषित अन्नपाण्यातून होणारी कावीळ यांचा रस्ता बऱ्याचदा हातावरूनच तोंडाकडे जातो. २०२३च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली, तीही चोळलेल्या डोळ्यांतून आणि हातांतूनच पसरली. महामारी संपते, हे आजार दर जूनला शाळेत हजर असतात.

साबण आणि सॅनिटायझर

कोरोनाच्या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे आवरण असते. साबण ते फोडतो आणि विषाणू निकामी होतो. ज्या जंतूंना असे आवरण नसते, ते फेसाबरोबर त्वचेवरून सुटून पाण्यात वाहून जातात. दोन्ही गोष्टींना वेळ लागतो, म्हणून किमान २० सेकंद चोळायचे.

सॅनिटायझरमध्ये किमान ६० टक्के अल्कोहोल हवे. पण मातीने किंवा तेलाने माखलेल्या हातांवर तो नीट चालत नाही आणि जंतांच्या अंड्यांवर त्याचा भरवसा धरता येत नाही. कबड्डी खेळून आलेल्या मुलाच्या तळव्यावर सॅनिटायझरचे दोन थेंब टाकले तर हातावर चिखलच होतो. शिवाय लहान मुलाने तो प्यायला तर विषबाधा होते. बाटली शिक्षकांच्या टेबलावरच असावी.

अंगठा, नखे, मनगट

पहिलीतले मूल हात धुताना नीट पाहा. तळव्याला तळवा दोनदा घासते, हात नळाखाली धरते, चड्डीला पुसते आणि पळते. अंगठे कोरडेच राहतात, नखांतली माती तशीच. जेवताना घास धरतात ते नेमके हेच भाग. म्हणून शाळांमध्ये शिकवले जाणारे ‘सुमन-एम’ सूत्र कामाचे आहे: सरळ, उलट, मूठ, अंगठा, नखे आणि शेवटी मनगट. मुले ते तालात म्हणतात आणि तेवढ्यात २० सेकंद होतात. पुसायला ज्याचा त्याचा रुमाल असावा. खिळ्याला टांगलेल्या एकाच नॅपकिनला वर्गातल्या ४० जणांनी हात पुसले, तर आधीचे धुणे फुकट गेले.

खरी अडचण: पाणी आणि रांग

अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. अकोले तालुक्यातल्या घाटघरला धो धो पाऊस. पूर्वेला पाथर्डीकडे उन्हाळ्यात टँकरची वाट. टँकरच्या गावात ‘वारंवार हात धुवा’ हा फलक शिक्षकांच्या अंगावर येतो.

पण हिशेब मांडला तर गोष्ट आवाक्यातली दिसते. फेस करताना नळ बंद ठेवला तर एका वेळेला अर्धा लिटर पुरते. १०० मुले, दिवसातून तीन वेळा, म्हणजे १५० लिटर. २०० लिटरच्या एका पिंपात हे बसते. हिवरे बाजारच्या ग्रामसभेत गावच्या पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. तसा शाळेच्या पाण्याचाही फळ्यावर मांडता येईल आणि तो सातवीची मुले सहज करतील.

पाण्याइतकाच प्रश्न वेळेचा आहे, आणि त्याच्याकडे फारसे कोणी बघत नाही. नळ चार, मुले १००, प्रत्येकाला एक मिनिट: रांग २५ मिनिटांची. तोवर पोषण आहाराची खिचडी गार होते आणि मागची मुले न धुताच ताटावर बसतात. उपाय स्वस्त आहे. लांब प्लास्टिकच्या नळीला थोड्या थोड्या अंतरावर भोके पाडून ती पिंपाला जोडायची. दहा मुले एकदम धुतात. जिथे तेही जमत नाही, तिथे पायाने दोरी दाबून कलंडणारा पाच लिटरचा कॅन टांगायचा. त्याला कोणाचा हातही लागत नाही.

साबणाची वडी उघड्यावर ठेवली की कावळा पळवतो. ती जुन्या मोज्यात घालून नळाला बांधा, किंवा झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीत साबणाचे पाणी करून ठेवा.

फडावर गेलेली मुले

दिवाळीच्या सुमारास पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कुटुंबे ऊसतोडीला निघतात. मुलांना मागे ठेवायला हंगामी वसतिगृहे आहेत, पण अनेक मुले आईवडिलांबरोबर कोपीवर, म्हणजे तोडणी मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत, जातात. तिथे प्यायचे पाणीच लांबून आणावे लागते. हात धुण्याची पाळी येतच नाही. शाळेत लागलेली सवय चार-पाच महिन्यांत सुटते. कारखान्याच्या तळावर पाण्याचे पिंप आणि साबण ठेवणे ही मोठी मागणी नव्हे, आणि ती कारखान्याकडे ठामपणे करायला हवी.

पैसे कुठून

समग्र शिक्षा अभियानातून शाळांना मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेसाठी खर्च करायचा असतो. ग्रामपंचायतीला पंधराव्या वित्त आयोगातून मिळालेल्या निधीतही पाणी आणि स्वच्छतेचा राखीव वाटा होता. शाळा व्यवस्थापन समितीत पालक बहुसंख्य असतात. जूनच्या पहिल्या बैठकीत त्यांनी दोनच प्रश्न विचारावेत: वर्षभराचा साबण कोणत्या खर्चात धरला आहे, आणि पिंप रोज सकाळी कोण भरणार? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत.